वाघिणी मोजताना

या स्मरणिकेत जहाजांविषयी लेख येतील आणि ते यायलाच हवेत. कोणाचे पणजोबा कोणत्या बंदरात चढले, कुठे उतरले, किती दिवस समुद्रावर होते, हे ज्यांच्या घरी ठाऊक आहे त्यांनी आता लिहून ठेवले नाही, तर पुढे सांगणारे कोणी उरणार नाही. आमच्या घरात मात्र जहाजाची गोष्ट दोन वाक्यांत आटोपते. पणजोबा मद्रासला चढले, पेनांगला उतरले. त्याच्या आधीचे आणि नंतरचे जे काही सांगितले गेले ते सगळे रुळांवरचे आहे. म्हणून आम्ही रेल्वेवर लिहायचे ठरवले, आणि तेही उतारूंच्या गाडीवर नाही, मालगाडीवर.

आम्ही चार भावंडे. १९७८ च्या सुमारास आमचे घर क्लेमेंटीत सनसेट वेच्या बाजूच्या नव्या ब्लॉकमध्ये आले. तेव्हा तिथे झाडी भरपूर होती, उलू पांदान नदीचा कालवा होता आणि झाडीतून जाणारी एकेरी लोहमार्गाची एक फांदी होती. सनसेट वेच्या रस्त्यावरून ती काळ्या लोखंडी पुलावरून जाई, आणि थोडे पुढे दुसऱ्या पुलावरून नदी ओलांडी. या मार्गावर उतारूंची गाडी कधीच धावली नाही. फक्त मालगाड्या. त्यांना आमच्या दृष्टीने वेळापत्रक नव्हते. कधी सकाळी शाळेला निघताना येई, कधी भर दुपारी, कधी दोन-तीन दिवस काहीच नाही. त्यामुळे ती आली की हातातले काम टाकून कॉरिडॉरच्या कठड्याशी धावायचे, हा नियम होता. गृहपाठ करताना आई हाका मारून थके, पण इंजिनाचा आवाज कुठूनतरी आला की आम्ही उठलोच.

आम्ही डबे मोजत असू. शाळेच्या एका जुन्या वहीत रकाने आखले होते: तारीख, वेळ, कुठून कुठे, किती डबे, कोणते. बंद डब्यांना आम्ही पेटी म्हणत असू, तेलाच्या टाक्यांना पिंप, उघड्या सपाट डब्यांना पाट, आणि शेवटच्या गार्डच्या डब्याला शेपटी. गाडी हळू जाई, त्यामुळे मोजायला सवड मिळे. डोळे मिटूनही थोडेफार कळे. चार चाकांचा आखूड डबा सांध्यावरून जाताना ठक-ठक असा सुटा आवाज करतो, आणि आठ चाकांचा लांब डबा दोन-दोन ठोक्यांच्या जोड्या करतो. धाकट्या भावाला हे फार छान जमे. पुढे तो मृदंग शिकला, याला ही गाडी कारण आहे असे बाबा म्हणत.

आजी डब्यांना वाघिणी म्हणे. मराठीत वॅगनचा हा जुना शब्द आहे आणि रेल्वेत काम केलेल्या घरांतून तो अजून ऐकू येतो. आम्हाला मात्र तो वाघाच्या बायकोचाच शब्द वाटे. सिंगापुरातला शेवटचा रानवाघ १९३० साली चोआ चू कांगकडे मारला गेला, असे शाळेत वाचले होते, म्हणून "आजी, इथे आता वाघिणी नाहीत!" असे आम्ही तिला चिडवत असू. ती हसायची नाही. गाडी पाहायला ती कठड्याशी येतही नसे. आत, देवघराजवळच्या पाटावर बसून राही आणि गाडी गेली की विचारी, "किती वाघिणी?"

"बावीस, आजी."

"दारं उघडी होती का बंद?"

एवढेच. उघडी म्हटले की ती पुन्हा वाती वळायला लागे. बंद म्हटले की गप्प बसे. आम्हाला वाटे, म्हाताऱ्या माणसांचा काहीतरी चाळा. या प्रश्नाचा अर्थ कळायला आम्हाला आठ-दहा वर्षे लागली. तो पुढे सांगू.

आधी त्या फांदीची हकिगत. तिला जुरोंग लाइन म्हणत. जुरोंगची दलदल भरून तिथे कारखाने उभारायचे काम १९६१ साली सुरू झाले. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी हा बेत आखला तेव्हा लोक त्याला गोहचा वेडेपणा म्हणत. १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झाले. कारखान्यांचा माल रेल्वेने उत्तरेला जाईल आणि कच्चा माल रेल्वेनेच येईल, असा हिशेब मांडून बुकित तिमा स्थानकापासून जुरोंगपर्यंत नवा मार्ग घातला जाऊ लागला. तो १९६५-६६ मध्ये सुरू झाला, पण त्याआधीच, ९ ऑगस्ट १९६५ ला, सिंगापूर वेगळे झाले होते. एका देशाच्या पोटात जाण्यासाठी बांधलेला मार्ग तयार होईपर्यंत मध्ये सरहद्द आली. रूळ सिंगापूरच्या पैशाने घातलेले, गाड्या मलायन रेल्वेच्या. सगळा मिळून सुमारे १९ किलोमीटरचा हा मार्ग क्लेमेंटी रोडखालच्या बोगद्यातून, आमच्या घरावरून, तेबान गार्डन्सकडून जुरोंगला पोचे आणि तिथे त्याला बंदराकडे, गोदीकडे, तेलशुद्धी कारखान्याकडे जाणारे फाटे फुटत. ट्रक रस्त्याने थेट कारखान्याच्या दारात जात, त्यांच्यापुढे त्याचा निभाव लागला नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बंद झाला. आमचे बाबा जुरोंगच्याच एका कारखान्यात होते, पण ते कामावर बसने जात. घरावरून गाडी जाते आणि तिच्यात बसता येत नाही, याचे आम्हाला लहानपणी फार नवल वाटे.

मुख्य मार्ग पाहायला रविवारी आम्ही बुकित तिमा स्थानकावर जात असू. तिथली गंमत वेगळी होती. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला टोकन द्यावे लागे. मोठ्या वेताच्या कड्याला चामड्याची पिशवी, आणि पिशवीत किल्लीसारखे धातूचे टोकन. दोन्ही स्थानकांवरची यंत्रे विजेच्या तारेने अशी जोडलेली असत की एका वेळी एकच टोकन बाहेर निघे. ते हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचे नाही. गाडी न थांबता जायची असेल तर स्टेशनमास्तर कडे उंच धरून उभा राही, ड्रायव्हर हात बाहेर काढून ते उचले आणि आधीचे कडे खाली टाके. हा प्रकार बुकित तिमाला अगदी २०११ पर्यंत चालू होता. सिंगापुरात मेट्रो १९८७ मध्ये सुरू झाली, तरी पलीकडे हे हाताने कडे देणे चालूच. याच स्थानकावर घोड्यांच्या शर्यतींसाठी घोडेही गाडीने येत. आम्ही ते पाहिले नाही, पण बाबांनी पाहिले होते, आणि ते सांगताना ते घोड्याच्या उतरण्याची नक्कलही करत.

आता मागे जाऊ. सिंगापुरातला पहिला लोहमार्ग १ जानेवारी १९०३ ला टँक रोडपासून बुकित तिमापर्यंत सुरू झाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये उत्तरेला वुडलँड्सच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. ऑर्चर्ड रोडवरून गाडी पुलाने जाई, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. काही वर्षांत मार्ग गोदीकडेही वाढला, कारण जोहोर आणि मलायातून येणारे रबर व कथील जहाजांवर चढवायचे होते. १९०९ मध्ये जोहोरची रेल्वे पूर्ण झाली, पण मध्ये सामुद्रधुनी होती. मग मालाच्या वाघिणी तराफ्यासारख्या बोटींवर चढवून, काही-काही करून, पलीकडे नेत. व्यापार वाढला तशी ही खोळंब्याची वाट पुरेना. १९१९ मध्ये कॉजवेचे काम सुरू झाले. पुलाऊ उबिन आणि बुकित तिमाच्या खाणींतला दगड समुद्रात टाकून सुमारे एक किलोमीटरचा बांध उभा राहिला. त्याचे समारंभपूर्वक उद्घाटन २८ जून १९२४ ला झाले, म्हणून तीच तारीख सगळीकडे छापतात. पण त्यावरून मालगाड्या १७ सप्टेंबर १९२३ पासून धावत होत्या आणि उतारूंच्या गाड्या १ ऑक्टोबरपासून. म्हणजे दोन देशांमधल्या या वाटेवरून आधी वाघिणी गेल्या, मग माणसे, मग गव्हर्नरसाहेब. आम्हाला हा क्रम आवडतो.

टांजोंग पागारचे देखणे स्थानक २ मे १९३२ ला उघडले. त्याच्या दर्शनी भागावर शेती, व्यापार, वाहतूक आणि उद्योग यांचे चार संगमरवरी पुतळे आहेत. चारही पुतळे मालाचे आहेत, हे पाहण्यासारखे आहे. ज्यांनी माती उपसली त्यांचा पुतळा तिथे नाही.

त्यांची खूण वेगळ्या ठिकाणी सापडते. क्वीन्सवेजवळ रुळांच्या कडेला १९३२ साली रेल्वेच्या तमिळ कामगारांनी मुनीश्वरनचे छोटेसे ठाणे मांडले. रुळावर काम करताना रक्षण कर, एवढेच मागणे. लोक त्याला मुनियांडीचे देऊळ म्हणत. आता ते कॉमनवेल्थ ड्राइव्हवर मोठे मंदिर झाले आहे. आमचे आजोबा मराठी, पण सिंगापूरला आले की त्या देवाला नारळ फोडल्याशिवाय परत जात नसत. गँगमनचा देव तो आपला देव, असे त्यांचे म्हणणे होते.

मलायात गेलेले करारबद्ध मजूर बहुतेक तमिळ, त्याखालोखाल तेलुगू. मद्रास आणि नागपट्टणम ही त्यांची बंदरे. मराठी माणूस या गर्दीत मूठभर, आणि तो बहुधा दुसऱ्याच कारणाने तिथे पोचलेला. आमच्या घरची आठवण अशी: पणजोबा सोलापूरच्या बाजूचे. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ते बार्शी लाइनच्या मातीकामावर लागले. कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शी गावापर्यंतची ही अडीच फुटी अरुंद रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती हट्टाने उभी केली. हलके रूळ, पण वजन सगळ्या चाकांवर सारखे वाटून टाकलेले, म्हणजे छोट्या गाडीतूनही पुष्कळ माल जाईल, अशी त्याची युक्ती. पुढे ती पंढरपूरला आणि लातूरला गेली आणि वारकऱ्यांची झाली, पण मूळ हिशेब कापसाचा आणि धान्याचा. गंमत अशी की दुष्काळात जो माणूस धान्य नेणाऱ्या रेल्वेसाठी माती उपसत होता, त्याच्या घरात धान्य नव्हते. काम संपले, मुकादम म्हणाला दक्षिणेत काम आहे, आणि मंडळी रायचूरवरून मद्रासला गेली. तिथे आणखी एक मुकादम भेटला. कागदावर अंगठा झाला. त्यानंतर कागदावर त्यांचे बंदर मद्रास, म्हणून तेही मद्रासचे झाले.

करारावर मजूर आणण्याची पद्धत मलायात १९१० मध्ये बंद झाली. कंगाणी पद्धत १९३८ पर्यंत चालली. कंगाणी म्हणजे मळ्यावरचा जुना मजूर, जो गावी जाऊन आपल्याच लोकांना घेऊन येई. नाव बदलले तरी आगाऊ रकमेचे कर्ज आणि ते फिटेपर्यंत बांधून राहणे यांत फारसा फरक पडला नाही. आमचे पणजोबा रबराच्या मळ्यात करार भरल्यावर जोहोरच्या रेल्वेत गेले आणि त्यांच्यामागे आजोबा. आजोबा गँगमन होते. पहाटे कंदील, लांब दांड्याचा हातोडा आणि पाना घेऊन आपला तुकडा चालत तपासायचा. सैल झालेली चावी ठोकायची, सांध्याच्या पट्ट्यांचे बोल्ट आवळायचे, पावसाने खडी सरकली असेल तर टोपलीने भरायची, कुजलेला स्लीपर दिसला की खूण करून मुकादमाला सांगायचे. विषुववृत्ताजवळ लाकूड फार लवकर कुजते. गाडी त्यांच्यासाठी पाहण्याची वस्तू नव्हती. गाडी येते म्हणजे बाजूला व्हायचे आणि ती गेली की तिने काय बिघडवले ते पाहायचे. बाबांना त्यांनी गाड्या मोजायला कधीच शिकवले नाही. ते आम्ही आमचे शिकलो, किंवा आम्हाला तसे वाटत होते.

आजीचा प्रश्न आम्हाला १९८० च्या दशकात कळला, आणि तोही तिच्याकडून नाही. शाळेत युद्धाचा धडा होता. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर युद्धकैद्यांचे काय झाले ते आम्ही घरी मोठ्याने वाचत होतो. बाबांनी पुस्तक मिटायला सांगितले आणि आम्हाला खाली पायऱ्यांवर घेऊन गेले.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. जपान्यांना ब्रह्मदेशात सैन्य आणि दारूगोळा न्यायला रेल्वे हवी होती. ४१५ किलोमीटरचा मार्ग, डोंगर आणि जंगलातून, पावसाळ्यात. त्यासाठी साठ हजारांहून अधिक युद्धकैदी नेले. जून १९४२ पासून सिंगापूरच्या स्थानकावरून त्यांच्या गाड्या निघाल्या. त्यांना मालाच्या पोलादी बंद डब्यांत, एकेका डब्यात तीसेक माणसे, कोंबले. सयाममधल्या बान पोंगपर्यंत चार-पाच दिवसांचा प्रवास. दिवसा पोलाद तापे, रात्री गार पडे. १९४३ च्या एप्रिलमध्ये चांगीहून सात हजारांची एक तुकडी अशीच गेली. तिच्यातले तीन हजारांहून अधिक परतले नाहीत. हे पुस्तकात होते.

पुस्तकात जे दोन ओळींत होते ते बाबांनी सांगितले. कैदी पुरेनात, तेव्हा मलायाच्या मळ्यांतून मजूर नेले. रबराचा बाजार बुडाला होता, मळे बंद होते, तांदूळ मिळत नव्हता. तीन महिन्यांचे काम, रोज पगार, जेवण फुकट, असे सांगितले गेले. काही गेले, बरेचसे पकडून नेले. मलायातून नेलेल्यांचा आकडा पंचाहत्तर हजारांच्या आसपास असावा असा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य तमिळ, सगळे आपल्यासारख्याच करारबद्ध मजुरांची मुले आणि नातवंडे. माणसेच काय, रूळही गेले. मलायाच्या पूर्व किनाऱ्याकडे जाणारी, १९३१ मध्ये पूर्ण झालेली रेल्वे जपान्यांनी लांबवर उखडली आणि ते रूळ सयामला नेले. जे लोखंड आमच्या आजोबांच्या सोबत्यांनी घातले होते त्यावर त्यांचीच मुले दुसऱ्या देशात खडी भरत होती.

आजीचा थोरला भाऊ, म्हणजे बाबांचे मामा, मळ्यावर होते. त्यांना नेले १९४३ मध्ये. तीन महिन्यांच्या कागदावर. आजोबा रेल्वेत असल्याने वाचले. जपान्यांनाही गाड्या चालवायला गँगमन लागतच होते. आजी तेव्हा जोहोरमधल्या एका लहान स्थानकाच्या रेल्वे चाळीत राहत होती, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. भावाला कोणत्या गाडीने नेले ते कोणी सांगेना. मग रात्री उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी ती पाहायची. दारे बंद असली तर आत माणसे असतील. उघडी, फटीएवढी जरी असली, तरी आत वारा जात असेल. एवढाच तिचा हिशेब. ती वाघिणी मोजायची आणि सकाळी आजोबांना सांगायची, आज इतक्या बंद गेल्या. आजोबा ऐकून घेत आणि कंदील उचलून कामावर जात.

रेल्वे ऑक्टोबर १९४३ मध्ये दोन्ही बाजूंनी जोडली गेली. युद्ध संपल्यावर काही मजूर परत आले, बाबांचे मामा आले नाहीत. बारा हजारांहून अधिक युद्धकैदी तिथे मेले. मेलेल्या मजुरांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती. कांचनबुरीला युद्धकैद्यांचे मोठे स्मशान आहे, जवळजवळ सात हजार थडगी, बहुतेकांवर नाव, वय, पलटण. आम्ही तिघे भावंडे २००४ मध्ये तिथे जाऊन आलो. गवत कापलेले, फुले लावलेली. एका तासाने लक्षात आले की आपण मामांचे नाव शोधत होतो, जे तिथे असणे शक्यच नव्हते. त्यांच्या नावाचा एकच कागद कुठेतरी झाला असेल, आणि तोही तीन महिन्यांच्या कराराचा.

बाबांनी हे सांगितले त्या दिवसापासून आम्ही आजीला खोटे सांगायला लागलो. गाडी गेली की ती विचारायची, "दारं?" आणि आम्ही म्हणायचो, "उघडी." तेलाच्या टाक्यांना दारे नसतात, सपाट डब्यांना नसतात, बंद डब्यांची दारे तर प्रवासात बंदच असतात, तरीही उघडी. तिला ते कळत नसेल असे नाही. गँगमनची बायको होती ती. वहीत मात्र आम्ही एक नवा रकाना आखला आणि त्यात खरे तेच लिहिले.

आता थोडे विषयांतर, पण करारबद्ध मजुरांच्या वंशजांच्या स्मरणिकेत ते चालावे. मॉरिशसमधल्या आपल्या मराठी बांधवांचे पूर्वज मुंबईहून उसाच्या मळ्यांवर गेले. तिथली रेल्वे १८६४ मध्ये साखर बंदरात न्यायला सुरू झाली. तिथे उतारूंच्या गाड्या १९५६ मध्ये बंद झाल्या आणि मालगाड्या १९६४ पर्यंत चालल्या. म्हणजे इकडे मालाची गाडी आधी आली, तिकडे ती शेवटपर्यंत राहिली. वसाहतीतली रेल्वे माणसांसाठी नव्हतीच, हे दोन्हीकडून सारखेच दिसते. कापूस, ऊस, कथील, रबर, आणि मजूर. मजूरही मालाच्याच खात्यात.

सिंगापुरातल्या मुख्य मार्गाचा शेवट सगळ्यांना आठवतो. १९९० च्या करारानंतर वीस वर्षे घोळ चालला, आणि ३० जून २०११ च्या रात्री टांजोंग पागारहून शेवटची गाडी निघाली. जोहोरचे सुलतान स्वतः इंजिनात होते. बुकित तिमाला पाय ठेवायला जागा नव्हती, लोक मुलांना खांद्यावर घेऊन उभे होते. आम्हीही होतो. शिट्टी झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि धाकटा भाऊ म्हणाला, "मालगाडी कधी गेली शेवटची?" आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हते. जुरोंग लाइनचेही तसेच. तिचा शेवट कोणी सांगितला नाही. एक आठवडा गाडी आली नाही, मग महिना. तोवर आम्ही नोकऱ्यांना लागलो होतो आणि आजी गेली होती, त्यामुळे घरात विचारणारेही कोणी नव्हते.

रूळ काढले तरी सगळे संपले नाही. मुख्य मार्गाची २४ किलोमीटरची पट्टी आता चालण्याची वाट आहे. बुकित तिमाचे लोखंडी पूल जागेवर आहेत, आणि स्थानकही २०२२ मध्ये डागडुजी करून लोकांसाठी उघडले. जुरोंग लाइनचा क्लेमेंटीच्या जंगलातला तुकडा मात्र विसरलेलाच राहिला. तिथे रूळ अजून आहेत, त्यांच्यामधून झाडे उगवली आहेत. करोनाच्या वर्षात लोकांना घराबाहेर कुठे जावे कळेना, तेव्हा अचानक तिथे गर्दी झाली आणि छायाचित्रे निघाली. आम्ही वर्गातल्या मुलांना उलू पांदानच्या पुलाकडे नेतो. तिसरी-चौथीची मुले. आधी त्यांना वाटते की इथे आगगाडी कशाला येईल. मग त्यांना हातात खडीचा एकेक दगड घ्यायला सांगायचे आणि विचारायचे, हा इथे कोणी आणून टाकला असेल. उत्तरे मजेशीर येतात. मशीनने, ट्रकने, हेलिकॉप्टरने. माणसाने, हे उत्तर फार उशिरा येते, आणि ते आले की मुले त्या ढिगाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. एक मुलगा म्हणाला, इतके दगड म्हणजे खूपच माणसे लागली असतील. मग त्याने मोजायला सुरुवात केली आणि आमची बस चुकली.

मंडळाच्या प्रदर्शनासाठी आम्ही तीन वस्तू देत आहोत. आजोबांचा चावी ठोकायचा हातोडा, त्याचा दांडा दोनदा बदललेला आहे. मुनीश्वरनच्या देवळाजवळ काढलेले घरचे एक छायाचित्र. आणि ती वही. ज्यांच्या घरातून कोणी सयामला गेले असेल त्यांनी प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवलेल्या कोऱ्या पानांवर नाव, मळा किंवा गाव, आणि गेल्याचे साल आठवत असेल तर तेवढे लिहावे. पूर्ण नाव नसेल तर घरात ज्या नावाने हाक मारत ते लिहिले तरी चालेल. बाबांच्या मामांचे पहिल्या पानावर आम्ही लिहिलेले आहे.

वहीची पाने सुटी झाली आहेत, शिवण उसवली आहे. उलटताना खालून आधार द्यावा.